अर्थव्यवस्था कोसळली तर घर कसं सांभाळायचं: पगारावर आणि रोजंदारीवर जगणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की मोठं आर्थिक संकट म्हणजे महागाई. दरवेळी तसं नसतं. अर्थव्यवस्था साधारण दोन पद्धतीने कोसळते, एकात पैशाची किंमत जाते आणि दुसऱ्यात पैसाच मिळेनासा होतो, आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की एका प्रकारात जे केल्याने घर वाचतं तेच दुसऱ्या प्रकारात केलं तर घर बुडतं. सोनं घ्या, कॅश ठेवा, कर्ज फेडून टाका, उलट कर्ज काढा, असे जे सल्ले फिरत असतात ते सगळे कुठे ना कुठे बरोबर ठरलेत आणि कुठे ना कुठे त्यांनीच लोकांना बुडवलंय, कारण सांगणारा कुठल्या संकटाबद्दल बोलतोय हे तो सांगतच नाही.

१९२३ चं जर्मनी बघा. नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क झाले होते, कामगारांना दिवसातून दोनदा पगार द्यायची वेळ आली होती आणि हातात नोटा पडल्या की आधी दुकान गाठायचं, कारण उशीर केला तर त्याच नोटांत सामान कमी यायचं. ज्याने जन्मभर काटकसर करून बँकेत पैसे टाकले तो उघडा पडला आणि ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं त्याचं कर्ज जवळजवळ फुकटात फिटलं. (१९२५ मध्ये कायदा करून गहाणकर्जाचा चौथा हिस्सा परत जिवंत केला, पण तरी तीन हिस्से गेलेच ना.)

आता १९२९ ते १९३३ ची अमेरिका घ्या. तिथे भाव वाढले नाहीत, उलट जवळपास पाव हिश्शाने उतरले. पण १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे एक बेकार होता आणि त्या काळात सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. इथे हातात कॅश असलेला राजा आणि कर्ज असलेला मेला. तेव्हा घराची कर्जं बऱ्याचदा तीन ते पाच वर्षांची असायची, मुदत संपली की मुद्दल एकरकमी भरा नाहीतर रिन्यू करून घ्या, आणि बँकेने रिन्यू करायला नकार दिला की इमानदारीत व्याज भरणाऱ्याचं पण घर जायचं.

म्हणून पुढे काहीही करायच्या आधी हे ओळखायला शिका.

कुठल्या जातीचं संकट आहे ते कसं ओळखायचं

पैशाची किंमत जाणार असेल तर पहिली खूण म्हणजे परकीय चलनाचा सरकारी भाव एक आणि रस्त्यावरचा भाव वेगळा. दोन्हीत थोडा फरक असेल तर ठीक आहे पण तो दर महिन्याला वाढत चालला तर समजा की सरकारी भाव फक्त कागदावर उरलाय. मग दुकानदार उधारी बंद करतात, कोटेशन आठवड्याऐवजी एका दिवसाचं देतात, घरमालक भाडं परकीय चलनात मागायला लागतात. हे सगळं टीव्हीवर यायच्या खूप आधी बाजारात दिसतं, फक्त बघायचं ठरवलं पाहिजे.

पैसाच आटणार असेल तर खुणा वेगळ्या. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी माणसं कमी होतात, कंपन्या एकमेकांची बिलं तीन तीन महिने थकवतात, घरं विकायला काढलेली तशीच पडून राहतात, सगळीकडे सेल लागतात आणि तरी गिऱ्हाईक नाही. तुमच्या कंपनीला माल देणारा छोटा सप्लायर पैशासाठी रोज चकरा मारताना दिसला तर ती बातमी तुमच्या पगाराची आहे असं समजा.

आणि एक खूण जी लोकांना चांगली बातमी वाटते: बँका अचानक नेहमीपेक्षा भरपूर व्याज द्यायला लागणं. लेबनॉनमध्ये २०१९ च्या आधीची काही वर्षं बँका डॉलरच्या ठेवींवर बाहेर कुठेच मिळणार नाही असं व्याज देत होत्या, लोक खुश होते, परदेशात राबणारे लोक पण घामाचे डॉलर तिथेच आणून ठेवत होते. बँकेला तुमच्या पैशाची इतकी गरज का पडली हा प्रश्न विचारायचा असतो, तो कोणी विचारला नाही.

कधीकधी दोन्ही संकटं एकामागून एक येतात, अर्जेंटिनात तसंच झालं. १९९८ पासून मंदी, नोकऱ्या जातायत, पैसा आटतोय, मग डिसेंबर २००१ मध्ये बँकांतून पैसे काढायला बंदी, मग जानेवारी २००२ मध्ये एक पेसो म्हणजे एक डॉलर ही गेल्या दहा वर्षांची हमी सरकारने मोडली आणि वर्षाच्या मध्यापर्यंत डॉलर साडेतीन पेसोच्या पुढे गेला. मे २००२ मध्ये बेकारी २१ टक्क्यांच्या वर होती. अशा ठिकाणी पहिल्या टप्प्यात शिकलेला धडा दुसऱ्या टप्प्यात उपयोगाचा नसतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं की आता आपण कुठे आहोत.

बँकेतला पैसा

एक निरीक्षण सांगतो. अर्जेंटिनाने पैसे काढण्यावर बंदी जाहीर केली ती १ डिसेंबर २००१, शनिवार. सायप्रसमध्ये १६ मार्च २०१३, शनिवार. ग्रीसमध्ये २८ जून २०१५, रविवार. बँका बंद असतानाच असल्या घोषणा होतात, उघड आहे, कामाच्या दिवशी केली तर दुपारपर्यंत बँक रिकामी होईल. तेव्हा "गडबड वाटली की सोमवारी जाऊन काढू" हा प्लॅन म्हणजे प्लॅनच नाही.

बंदी आली की काय होतं तर अर्जेंटिनात आठवड्याला २५० पेसो मिळत होते. ग्रीसमध्ये बँका तीन आठवडे बंद होत्या आणि एटीएममधून एका कार्डावर दिवसाला ६० युरो. बंधनं हळूहळू सैल होत गेली आणि पूर्णपणे उठायला सप्टेंबर २०१९ उजाडला, म्हणजे चार वर्षं. पण ग्रीसमध्ये देशातल्या देशात कार्ड चालत होतं, बाहेरच्या देशात पैसे पाठवणं अडलं होतं. त्यामुळे ज्यांची मुलं परदेशात शिकत होती किंवा ज्यांचा धंदा आयात मालावर होता त्यांचे हाल जास्त झाले. यातून काय घ्यायचं तर पैसा असणं वेगळं आणि ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी हातात असणं वेगळं, संकटात घर मोडतं ते बहुतेक या दुसऱ्या कारणाने.

घरात किती कॅश ठेवावी? माझं मत: दोन ते चार आठवड्यांचा अगदी टाळता न येणारा खर्च, तोही छोट्या नोटांत, कारण अशा वेळी सुट्टे कोणाकडे नसतात. त्यापेक्षा जास्त ठेवू नका. चोरीची भीती तर आहेच, आणि संकट पहिल्या प्रकारचं निघालं तर ती गड्डी पडल्या पडल्या विरघळते. बाकीचे पैसे एकाच बँकेत नको, आणि दोन बँका म्हणजे खरंच वेगळ्या बँका, एकाच ग्रुपच्या दोन नावांच्या नाही. नवरा-बायको दोघांच्या नावाने वेगळी खाती असू द्या, माणशी मर्यादा लागते तेव्हा दोन माणसांना दोन मर्यादा मिळतात.

ठेव विम्याबद्दल (बँक बुडाली तर ठरावीक रकमेपर्यंत ठेव परत मिळायची हमी) लोकांचा फार मोठा गैरसमज असतो. सायप्रसमध्ये १ लाख युरोपर्यंतच्या ठेवी शेवटी वाचल्या, पण बँक ऑफ सायप्रसमध्ये त्याच्यावर ज्यांचे पैसे होते त्यांच्या वरच्या रकमेतले ४७.५ टक्के बँकेच्या शेअर्समध्ये बदलले गेले, म्हणजे जवळजवळ गेलेच. आणि सुरुवातीच्या प्लॅनमध्ये तर छोट्या ठेवीदारांकडून पण ६.७५ टक्के कापायचे होते, लोक रस्त्यावर आले आणि संसदेने तो फेटाळला म्हणून वाचले. विमा असतो तो एखादी बँक बुडाली तर त्यासाठी. पैसे गोठवले तर विमा काही करत नाही, आणि चलनच पडलं तर विम्याने तुम्हाला आकडा पूर्ण मिळेल पण त्या आकड्यात येणार काय? लेबनॉनमध्ये १९९७ पासून एका डॉलरला १५०७.५ लेबनीज पाउंड असा ठरलेला भाव होता, २०२३ च्या मार्चमध्ये बाजारात तो लाखाच्या आसपास पोचला होता. खात्यात डॉलर होते ते पण बँका डॉलरमध्ये देत नव्हत्या, पाउंडात देत होत्या आणि तेही बाजारापेक्षा खूप कमी भावाने. २०२२ मध्ये तिथे माणसं हत्यारं घेऊन बँकेत शिरत होती, कशासाठी, तर स्वतःच्याच खात्यातले पैसे काढायला, कोणाच्या घरात कॅन्सरचं आजारपण होतं कोणाचा हॉस्पिटलचा खर्च होता.

कर्ज

इथे नियम एकच आणि तो मोडायचा नाही. पगार ज्या चलनात, कर्ज त्याच चलनात. परकीय चलनातल्या कर्जाचं व्याज कमी असतं म्हणून मोह होतो. हंगेरीत लाखो घरांनी स्विस फ्रँकमध्ये घरकर्जं घेतली, २००८ नंतर फ्रँक महागला आणि हप्ते फुगले, शेवटी सरकारला २०१४ मध्ये कायदा करून ती कर्जं स्वतःच्या चलनात बदलून द्यावी लागली. आइसलँडमध्ये पण २००८ ला क्रोनाची (तिथलं चलन) किंमत निम्म्यावर आल्यासारखी झाली आणि परकीय चलनाला बांधलेली गाडीची, घराची कर्जं एका वर्षात जवळपास दुप्पट. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये अशी कर्जं बेकायदा ठरवली, पण तोपर्यंत दोन वर्षं लोकांनी कशी काढली असतील. सरकार, कोर्ट वाचवतं कधीकधी, पण उशिरा.

आता तुमच्याकडे आधीच कर्ज आहे असं धरू. पैशाची किंमत जाणाऱ्या संकटात स्थिर व्याजाचं स्वतःच्या चलनातलं कर्ज घाईघाईने फेडू नका, तुमच्या बाजूने चालणारी ती एकच गोष्ट आहे. फक्त ॲग्रीमेंट नीट वाचा, व्याज बदलतं असेल किंवा मुद्दल महागाईला जोडलेलं असेल तर हा फायदा मिळत नाही. पैसा आटणाऱ्या संकटात उलट, जमेल तितक्या लवकर कर्ज हलकं करा, कारण पगार कमी होईल आणि हप्ता तेवढाच राहील.

सगळी बिलं भरणं शक्य नसेल तेव्हा कोणाचं आधी? बहुतेक लोक जो जास्त फोन करतो त्याचं आधी भरतात आणि इथेच चुकतं. वसुलीवाला ओरडतो कारण त्याच्याकडे ओरडण्याशिवाय दुसरं फारसं काही नसतं. आधी डोक्यावरचं छप्पर, मग औषधं, वीज-पाणी, मग ज्याच्यावर कमाई चालते ती वस्तू (फोन, गाडी, मशीन, हत्यारं), आणि क्रेडिट कार्ड वगैरे ज्याला काही तारण नाही ते सगळ्यात शेवटी. घरकर्जाचा हप्ता चुकणार असेल तर चुकायच्या आधी बँकेत जा, नंतर नाही, आणि जे ठरेल ते लेखी घ्या. म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे काढून कार्डाचं बिल भरू नका. आणि कोणाला जामीन राहू नका, सख्ख्या भावाला सुद्धा, तुम्हाला जमत असेल तर त्याला रोख मदत करा, ती गेली तर एकदाच जाते.

पगार, नोकरी, मजुरी

मालकाने पगार उशिरा दिला म्हणजे तुम्ही मालकाला बिनव्याजी कर्ज दिलं, हे सरळ असं बघा. महागाईच्या काळात तर उशिराचा प्रत्येक आठवडा म्हणजे पगारकपातच आहे, फक्त तिला कोणी कपात म्हणत नाही. रशियात १९९० च्या दशकात लाखो कामगारांना महिनोन्‌महिने पगार नव्हता, काही कारखाने पगाराऐवजी स्वतःचाच माल द्यायचे आणि कामगार तो रस्त्याच्या कडेला उभं राहून विकायचे. तरी लोक कामावर जात राहिले, कारण कारखान्याचं घर, दवाखाना, मुलांची शाळा सगळं त्या नोकरीला चिकटलेलं होतं आणि थकलेला पगार सोडून जायचा कसा हा पण प्रश्न. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मूर्ख आहेत का हे लोक, पण हिशेब तितका सोपा नसतो.

तरी पण एक रेषा आखून ठेवा. माझी रेषा अशी: एक पगार उशिरा आला तर विचारा, दुसरा पण उशिरा आला तर दुसरं काम शोधायला लागा (राजीनामा न देता), आणि दोन पगार पूर्ण थकले तर पाहिजे तर जा कामावर पण त्या पगाराचा भरवसा धरून घर चालवू नका. थकीत पगाराचा हिशेब लेखी ठेवा, पगाराच्या स्लिपा, हजेरी, मालकाचे मेसेज, सगळं. कंपनी दिवाळखोरीत गेली की बऱ्याच देशांच्या कायद्यात कामगारांच्या थकबाकीला बऱ्यापैकी वरचा नंबर असतो, पण नंबर लागायला कागद लागतो. रोजंदारीवाल्यांकडे कागद नसतो हे माहितीये, म्हणून त्यांनी तरी रोजची नोंद वहीत करायची आणि जमलं तर मुकादमाची सही किंवा फोनवर एक मेसेज घ्यायचा, अगदीच काही नसण्यापेक्षा बरं.

मागायचं काय असतं तेही बघा. पैशाची किंमत पडत असेल तर "पगार वाढवा" पेक्षा "पगार लवकर द्या" ही मागणी जास्त कामाची आणि मालकाला पण मान्य करायला सोपी. महिन्याचा पगार दोन हप्त्यांत, नाहीतर आठवड्याला. जिथे जिथे पैसा रोज पडला तिथे पगाराचे दिवस जवळ जवळ येत गेले, हंगेरीत जुलै १९४६ ला तर भाव साधारण दर १५ तासांनी दुप्पट होत होते, तिथे महिन्याचा पगार म्हणजे काय अर्थ आहे. पैसा आटत असेल तर उलटं, तिथे "दहा माणसं काढण्यापेक्षा सगळ्यांचे तास कमी करा" ही मागणी धरा, एकदा सुटलेली नोकरी अशा काळात वर्षानुवर्षं परत मिळत नाही. ग्रीसमध्ये २०१३ ला बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली होती आणि तरुणांमध्ये अर्ध्याहून जास्त, ती खाली यायला किती वर्षं लागली ते बघा.

सरकारी नोकरी सगळ्यात सेफ हे पण अर्धंच खरं. पैसा आटतो तेव्हा ती खरंच सेफ असते (कपात होते, पण नोकरी राहते). पैशाची किंमत जाते तेव्हा मात्र सरकारी पगार आणि पेन्शन यांचंच सगळ्यात आधी पाणी होतं, कारण ते वाढायला फाइल फिरावी लागते आणि भाव वाढायला फक्त सकाळ व्हावी लागते. लेबनॉनमध्ये शिक्षक, सैनिक यांचे पगार आकड्यात बराच काळ जवळपास तेच राहिले आणि त्यातून महिन्याला आधीच्या मानाने काहीच येईना. अशा घरात एक माणूस तरी असा पाहिजे जो रोजच्या रोज भाव बदलू शकतो, म्हणजे रिपेरिंग, शिवणकाम, शिकवण्या, केस कापणं, आजारी माणसाची काळजी, गाडी चालवणं. नवीन वस्तू घ्यायला पैसे नसले की जुन्या दुरुस्त होतात, हे दोन्ही प्रकारच्या संकटात खरं आहे.

आणि कधीकधी मालकच पळून जातो. अर्जेंटिनात २००१ च्या आसपास झानोन नावाची टाइल्सची फॅक्टरी आणि ब्रुकमन नावाची कपड्यांची, अशा बऱ्याच ठिकाणी कामगारांनी बंद पडलेला कारखाना ताब्यात घेऊन स्वतः चालवला आणि नंतर सहकारी संस्था करून कायदेशीर मान्यता मिळवली. मी हे सोपं आहे म्हणून सांगत नाहीये, पोलिस, कोर्ट, वर्षानुवर्षं भांडण हे सगळं झालं. पण मशीन, ऑर्डर आणि कुशल माणसं तिन्ही जागेवर असतील आणि फक्त मालक नसेल तर एकट्याने दुसरी नोकरी शोधत फिरण्याआधी सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं इतकंच.

घरखर्च आणि औषधं

औषधं आधी. खाण्याचं लोक काहीतरी जुळवतात, एका गोष्टीऐवजी दुसरी, पण इन्सुलिनऐवजी काही चालत नाही. परकीय चलन संपलं की आयात थांबते आणि जे आयात होतं ते आधी गायब. श्रीलंकेत २०२२ मध्ये औषधं, इंधन, गॅस सगळ्याची टंचाई झाली, एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्ज फेडणं थांबवल्याचं जाहीर केलं, सप्टेंबरला महागाई ७० टक्क्यांच्या आसपास होती. त्याआधी मार्चमध्ये तर कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या होत्या! पेट्रोल जुलैपासून क्यूआर कोडवर, आठवड्याचा कोटा. म्हणून घरात कोणाला रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरला आत्ताच विचारा की हे औषध इथे बनतं का बाहेरून येतं, त्याला पर्याय कुठला, आणि दोन-तीन महिन्यांचा साठा ठेवता येतो का. साठा करायचा तर एक्सपायरी बघून, जुनं आधी वापरायचं, आणि दुसऱ्या पेशंटला मिळणार नाही इतकं गोळा करायचं नाही.

आरोग्य विमा नोकरीला जोडलेला असेल तर नोकरी गेल्यावर तो किती दिवस चालतो हे पण आजच बघून घ्या. ग्रीसमध्ये नोकरी जाऊन काही काळ लोटला की सरकारी आरोग्य विमा पण जायचा, त्यामुळे लाखो लोक विम्याशिवाय राहिले आणि मग डॉक्टरांनी स्वयंसेवी दवाखाने काढले, लोक घरातली उरलेली औषधं तिथे नेऊन द्यायचे.

बाकी सामानाचं म्हणाल तर, सरकारने अमुक वस्तूचे भाव सक्तीने उतरवले अशी बातमी आली की खुश होऊ नका. झिम्बाब्वेत जून २००७ मध्ये सरकारने दुकानदारांना भाव कमी करायला लावले, काही दिवस लोकांनी भरपूर घेतलं आणि मग शेल्फ रिकामे, कारण तोट्यात माल कोण भरणार. पैशाची किंमत पडत असेल तर पगार झाला त्याच दिवशी महिन्याचं टिकणारं सामान घ्या, साबण, धान्य, तेल, जे नक्की वापरलं जाणार तेच. टीव्ही, फर्निचर घेऊन "पैसे वाचवले" म्हणणारे पण असतात, विकायला गेलं की कळतं. सोन्याचं पण तसंच, चलन पडतंय तेव्हा सोनं कामाचं आहे पण आधी घेतलेलं. संकट सुरू झाल्यावर सगळेच विकायला निघतात, सोनार सांगेल तो भाव. छोटे तुकडे असले तर निदान गरजेपुरतं विकता येतं.

अजून एक, ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. पैसे कमी पडले की घरातलं काम वाढतं, विकत घ्यायचं ते घरी करायचं, रांगेत उभं राहायचं, आजारी माणूस हॉस्पिटलऐवजी घरी सांभाळायचा, आणि हे सगळं बहुतेक बाईच्या अंगावर पडतं, वर ताटात सगळ्यात कमी तीच घेते. तेव्हा बजेट मांडताना पैशाबरोबर कामाचं पण मांडा, रांगेत कोण, पाणी कोण, म्हाताऱ्यांचं कोण.

सगळं ठीक होईल म्हणून सांगणारे

अशा काळात झटपट दुप्पट करून देणारे हमखास उगवतात. अल्बानियात १९९६-९७ मध्ये इतक्या लोकांनी अशा स्कीममध्ये पैसे टाकले, घरं आणि गुरं विकून टाकले, की त्या स्कीमची देणी देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळपास निम्म्यावर पोचली होती, बुडाल्यावर दंगली होऊन सरकार पडलं. पगारातून भागत नाही म्हणून माणूस तिकडे वळतो, लोभ हेच एक कारण नसतं, म्हणून "मी काही लोभी नाही" असं म्हणणाऱ्याने जास्त सांभाळावं.

वस्तूंची अदलाबदल मात्र खरी उपयोगी पडते, पण छोटी असेल तोवर. अर्जेंटिनात १९९५ मध्ये सुरू झालेले अदलाबदलीचे क्लब २००२ ला प्रचंड वाढले, त्यांची स्वतःची कुपनं होती, मग खोटी कुपनं छापली गेली आणि कुपनांचीच महागाई होऊन ते कोसळले. ओळखीच्या वीस-पंचवीस घरांत "मी तुझी शिलाई करते तू माझ्या पोराला गणित शिकव" हे वर्षानुवर्षं चालतं.

रिकामा दिवस

ऑस्ट्रियात मारिएंथाल नावाचं गाव होतं, एकच गिरणी, ती १९३० च्या सुमारास बंद झाली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार. संशोधकांनी तिथे जाऊन बारीक नोंदी केल्या. लोकांकडे वेळच वेळ होता तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, पुरुष रस्त्याने चालताना सारखे थांबायचे, चालायचा वेग पण मंदावला, बायका मात्र भरभर चालत होत्या कारण त्यांचं घरकाम सुटलं नव्हतं. रशियात १९९० ते १९९४ मध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान साधारण ६४ वरून ५८ च्या खाली आलं, आणि त्यात दारूचा हात मोठा होता. म्हणून नोकरी गेलेल्या माणसाला "जरा आराम कर" म्हणू नका. सकाळी ठरलेल्या वेळी उठून कुठेतरी जायला लावा, फुकट काम असलं तरी चालेल. मुलांना खरं सांगा, आकडे नको पण खरं, कारण त्यांना घरातली कुजबुज कळतेच आणि ती आपलंच काहीतरी चुकलं असं समजतात. शाळा शक्य तितकी सोडवू नका, फी परवडत नसेल तर स्वस्त शाळेत घाला, एकदा कमाईला लागलेलं पोरगं परत वर्गात बसत नाही.

कागद

घरातल्या एकाने तरी बाहेर देशात जायची वेळ येऊ शकते. पासपोर्ट, जन्मदाखले, डिग्र्या, अनुभवाचे दाखले हे चांगले दिवस असताना काढून ठेवा, नंतर ऑफिसमध्ये कागद नसतो, शाई नसते, साहेब स्वतःच देश सोडून गेलेला असतो. बँकेची स्टेटमेंट, पेन्शनची, विम्याची कागदपत्रं छापून ठेवा, दर तीन महिन्यांनी, ॲपवर विसंबू नका. नुकसानभरपाई, कोर्टाचे निकाल, जुन्या कर्जांचा फेरहिशेब हे सगळं संकट संपल्यावर काही वर्षांनी येतं आणि तेव्हा जो कागद दाखवतो त्याला मिळतं.

किती मिळतं म्हणाल तर फार आशा ठेवू नका. झिम्बाब्वेने २००९ मध्येच परकीय चलनात व्यवहार सुरू केले, पण जुन्या खात्यांचा निकाल लागला २०१५ मध्ये. ज्याच्या खात्यात १७५ च्या पुढे पंधरा शून्यं इतक्या झिम्बाब्वे डॉलरपर्यंत (तिथलं जुनं, कोसळलेलं चलन) शिल्लक होती त्याला सरसकट ५ अमेरिकन डॉलर, आणि घरात पडलेल्या नोटा बदलून घ्यायला ३० सप्टेंबरपर्यंतची मुदत.